आधी घरच्या बाईला विचारा

भाऊजींना जाऊन आठवडा झाला नव्हता, तर पारनाक्यावर बोर्ड लागला. हा एवढा मोठा, दोन दुकानांची तोंडं झाकली त्याने. वर लिहिलेलं, 'शस्त्रक्षेत्रातील सिंह हरपला.' खाली रंगाऱ्याने काढलेला कोणीतरी माणूस. पिळदार मिशा, छाती पुढे, हातात दुनळी बंदूक. मी ताईला विचारलं, "अगं, हा कोण?"

"तुझे भाऊजी."

"मग आपण जाळलं ते कोणाला?"

ताई डोळे पुसता पुसता हसली. काय करणार? माझ्या भाऊजींना जन्मात मिशी नव्हती. सदरा अंगात घातला की खुंटीला लटकवल्यासारखा दिसायचा. आणि पाल दिसली की हा सिंह खुर्चीवर उभा राहून "सुमती, झाडू!" म्हणून ओरडायचा. उंदीर पिंजऱ्यात सापडला तर मारायचा नाही, रिक्षा करून विठ्ठलवाडीला नेऊन सोडायचा. मी म्हणायचे, "भाऊजी, विठ्ठलवाडीकरांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

बोर्डाच्या कोपऱ्यात 'शोकाकुल' म्हणून परशुरामचं तोंड रंगवलेलं. भाऊजींच्या तोंडापेक्षा मोठं. ते बघितलं आणि मला अशी किळस आली ना, की मी पदर नाकाला लावला, जसा काही तो वास मारत होता. या माणसाने शोकाकुल व्हावं? का ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मळमळेल. एकटीनेच का सोसू?

हरिहर टिपणीस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कल्याणात 'टिपणीस बंदूकवाले' म्हटलं की रिक्षावाला दारात आणून सोडायचा. दुकान त्यांच्या वडलांचं. त्यावर भाऊजी, दोन चुलतभाऊ आणि त्यांचे संसार, एवढी सगळी घरं चालायची, पण शब्द भाऊजींचा. गिऱ्हाईक म्हणजे खडवलीकडचे बागाईतदार, रानडुकरं हाकलायला बंदूक लागायची त्यांना. बँकांचे राखणदार, सोनार, एखादा रिटायर मेजर. बंदूक घ्यायची, वर्षातून एकदा साफ करायला आणायची, भाऊजींच्या हातचं तेल लावून न्यायची. मला त्या दुकानाचा वास कधी सोसला नाही. लोखंड, तेल आणि गिऱ्हाइकांच्या घामाचा वास. भाऊजी माझ्याकडे ठाण्याला आले तरी तो वास बरोबर यायचा. मी त्यांना अंघोळ केल्याशिवाय सुरमईचं डोकं वाढायचे नाही.

पण या दुकानाची एक रीत होती. सरकारचं लायसन असो, पोलिसांचा शिक्का असो, टिपणिसांकडे बंदूक घ्यायची तर आधी घरची बाई दुकानात यायची. आई, नाहीतर बायको, जिच्या हातात घर आहे ती. भाऊजी तिला खुर्चीवर बसवायचे, चहा मागवायचे आणि रिकामी बंदूक उघडून तिच्या मांडीवर ठेवायचे. म्हणायचे, "पेलून बघा किती जड आहे. आता ही तुमच्या घरात राहणार, तुमच्या तांदळाच्या डब्याशेजारी. चालेल का?" बाई हो म्हणाली तर विक्री. नाही म्हणाली तर चहा पिऊन घरी. त्यांच्या वडलांच्या काळात कोणाच्या घरी काहीतरी भयंकर झालेलं, आणि त्या घरची बाई दुकानात येऊन एवढंच म्हणालेली, "मला विचारायचं होतंत, मी सांगितलं असतं तो कसा आहे ते." तेव्हापासून ही रीत.

गावातले पुरुष हसायचे. पण बायका! भाऊजी भाजी घ्यायला गेले की बायका त्यांना रांगेत पुढे घ्यायच्या. मी चिडवायचे, "भाऊजी, तुम्ही बंदुका विकता की स्थळं जुळवता?"

"एकच धंदा आहे उत्तरा," ते म्हणायचे. "दोन्हीत घरात काय शिरतंय ते आधी बघावं लागतं."

मग सुधीर दुकानात आला. माझा भाचा, बी.कॉम. झालेला. पोरगा वाईट नाही हो, पण नव्वद सालानंतर जी गिऱ्हाइकं यायला लागली, ती त्याला आवडायला लागली. डुकरं हाकलणारी माणसं गेली. आता यायचे ते प्लॉटवाले, बिल्डिंगवाले, गळ्यात साखळ्या, दारातच पिंक टाकून आत येणारे. त्यांना बंदूक नको, रिव्हॉल्व्हर पाहिजे. कमरेला लावायची, शर्ट थोडा वर ठेवायचा, म्हणजे हॉटेलात वेटरला दिसेल. सुधीरने दुकानात शिंप्याकडे असतो तसा उभा आरसा लावला. मी एकदा डबा घेऊन गेलेले, तर एक ढेरीवाला त्या आरशासमोर रिव्हॉल्व्हर धरून कधी असा वळतोय, कधी तसा वळतोय, आणि तोंडाने हळूच 'ढिश्क्यांव' करतोय. पन्नाशीचा घोडा! शी. मला तर नवऱ्या मुलीला दाखवतात तो कार्यक्रम आठवला. डबा तिथेच ठेवून बाहेर आले.

परशुराम त्यातलाच. त्याची आई चंद्रभागा आमच्या ताईची कोळीण. खाडीकडे घर, रोज टोपली घेऊन ताईच्या दारात. ताईच्या बाळंतपणापासून येत होती. ताई तिला म्हणायची, "चंद्राबाई, बोंबील शिळे आहेत," आणि ती म्हणायची, "बाय, शिळी तू." असं नातं. तिला दोन मुलगे, परशुराम आणि नाथा. दोघांचा खाडीतल्या रेतीचा धंदा. बुडी मारून बादलीने रेती काढायची, ही जुनी पद्धत. परशुरामला पंप लावायचा होता, म्हणजे खाडीचा तळच वर. नाथा म्हणायचा, पंप लावलास तर मासळी संपेल, मी होडी आडवी घालीन. घरात दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. एकमेकांच्या ताटांशी बोलायचे.

तर या परशुरामने लायसन काढलं आणि आईला घेऊन दुकानात आला. मी तेव्हा ठाण्याहून आलेले, तिथेच बसलेले. भाऊजींनी रिकामी रिव्हॉल्व्हर चंद्रभागाच्या पदरावर ठेवली. तिने मेलेल्या घुशीकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

"भाऊ, ही कनाला?"

"परशुराम म्हणतो, धंद्यात माणसं आडवी येतात."

"आडवा येनारा कोन? त्याचा भाऊसच ना?" ती म्हणाली. "मना दोन पोऱ्ये हान, भाऊ. ही घरान आली तर एक उरंल. मना नको."

"आये, गप ना! तुला काय कलतं?" परशुराम ओरडला.

भाऊजींनी रिव्हॉल्व्हर उचलून कपाटात ठेवली. "नाही म्हणाल्या त्या. चहा घे परशुराम, आलं घातलंय."

पुढच्या आठवड्यात हा बायकोला घेऊन हजर. मालू नाव तिचं. नवी साडी, केसांत वेणी, नजर जमिनीवर. भाऊजींनी विचारायच्या आधीच "हो, चालंल" म्हणून मोकळी झाली. घरून पाठ करून आणलेलं.

भाऊजींनी विचारलं, "मालू, घरात तांदूळ कोण काढून देतं?"

"आय."

"मग आयला हो म्हणू दे."

परशुरामने जाताना दुकानाच्या पायरीवर जी पिंक टाकली, ती भाऊजींनी स्वतः पाण्याने धुतली. मी म्हटलं, "नोकराला सांगा ना." तर म्हणाले, "माझ्या गिऱ्हाइकाने टाकलीय."

त्यानंतर भाऊजींच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ठाण्याला डॉक्टर, म्हणून ऑपरेशनला माझ्याकडे नौपाड्यात राहिलेले. डोळ्यावर हिरवी पट्टी, जेवायला बसले की काटा कुठे आणि मासा कुठे. मी म्हणायचे, "भाऊजी, आता नेम कसा धरणार?" म्हणायचे, "मी आयुष्यात एकदाच बार काढला, उत्तरा. नारळाला लागला, आणि त्या नारळवाल्याची माफी मागावी लागली." असे आमचे दिवस मजेत चाललेले, आणि तिकडे कल्याणला सुधीरने परशुरामला रिव्हॉल्व्हर विकून टाकली.

मी भाऊजींना कल्याणला घरी पोचवलं, त्याच सकाळी चंद्रभागा दारात आली. टोपली भरलेली, पण उतरवली नाही. डोक्यावर तशीच ठेवून बोलली. "सुमतीबाय, तुझ्या मालकाला सांग, मी या दाराशी आता नाय येनार. मी नाय बोलले व्हते." आणि गेली. भाऊजी आतून ऐकत होते.

सुधीरला बोलावलं. तो काय म्हणाला ऐका. "बाबा, नियम बंदुकीचा होता. आजोबांनी रिव्हॉल्व्हर कधी विकलीच नव्हती. रिव्हॉल्व्हरला नियम कुठे आहे?"

मला एवढी शिसारी कधी आली नव्हती. स्वतःच्या भाच्याची! मी म्हटलं, "सुध्या, वकील व्हायचं सोडून इथे कुठे आलास रे?" भाऊजी चप्पल घालायला लागले. एका डोळ्याने चप्पल सापडेना, ताईने घातली. आम्ही तिघं चंद्रभागाच्या घरी गेलो.

एकवीरा आईच्या फोटोपुढे नारळ ठेवावा तशी ती रिव्हॉल्व्हर ठेवलेली. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. आईच्या फोटोतल्या डोळ्यांकडे मला बघवेना. परशुराम खुशीत. "या या, टिपणीसशेठ! बघा, देवासारखी ठेवलीय." असं म्हणत ती उचललीन, बोटावर फिरवलीन. पडवीत नाथा आमच्याकडे पाठ करून जेवत बसलेला. परशुरामने ती त्याच्या पाठीवर रोखली आणि हसला. "ए नाथा, मागं बग रं!"

नाथाने मागे बघितलं नाही. घास घेतला, चावला, गिळला. चंद्रभागाने हातातलं उलथनं परशुरामच्या मनगटावर हाणलं. "भरलेली नाय गो आये, गंमत!" तो म्हणाला. मालू चुलीपाशी होती, ती बाहेर जाऊन उभी राहिली.

भाऊजींनी हात पुढे केला. "परशुराम, परत दे. जे दिलंस ते सगळं परत घे."

"शेठ, डोळा सांभाळा," तो म्हणाला. "पोराने विकली, कायद्याने विकली."

आणि खरंच, कायद्याने काही करता येत नव्हतं. घरी येऊन भाऊजी दोन घास खाऊन उठले. सुक्या कोळंबीची, सोड्यांची खिचडी होती, तरी उठले.

पण पुढे निवडणूक आली. निवडणूक आली की लायसनवाल्यांनी आपली हत्यारं जमा करायची असतात, पोलिसांकडे नाहीतर बंदूकवाल्याकडे. सगळे टिपणिसांकडे टाकायचे, कारण तेल लावून मिळायचं. परशुरामही आला. गल्ल्यावर भाऊजी स्वतः बसलेले. त्याने रिव्हॉल्व्हर पुढे ठेवली आणि तिचा मुका घेतला. खरंच सांगते, लोखंडाचा मुका. "सांभाळा हां शेठ, पोरगी आहे माझी." भाऊजींनी फडक्याने ती पुसली, मग तेच फडकं कचऱ्यात टाकलं आणि तिजोरी लावली.

मतं पडली, निकाल लागला, गुलाल उडाला. लोक येऊन आपापली हत्यारं घेऊन गेले. परशुरामची दिली नाही.

"बिघडलीय काय?"

"ठणठणीत आहे."

"मग द्या ना."

"नाही."

केवढा तमाशा! रस्त्यावर माणसं जमली. सुधीर रडकुंडीला आला. घरी चुलतभावांची बैठक. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "हरिहरदादा, वडलांपासूनचं लायसन एका कोळणीसाठी घालवणार?"

भाऊजी म्हणाले, "ती गिऱ्हाईक आहे. तिने माल नाकारलाय."

'एका कोळणीसाठी' म्हणे! तीस वर्षं तिच्या हातची पापलेटं चापताना नाही आठवली जात. माझ्या तोंडाशी काय काय आलं, पण मी पाहुणी, भजी तळत होते. दोन भजी मुद्दाम जाळून त्याच्या ताटात वाढली.

पोलीस ठाण्याचे साहेब स्वतः आले. चांगला माणूस होता. "टिपणीस, द्या हो. कायद्याने त्याची आहे."

"त्याचीच आहे साहेब. पण माझ्या हातून त्या घरात जाणार नाही."

"तुमचं दुकान जाईल."

"हो."

हे सगळं बघून मी ताईला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "सगळ्या कल्याणच्या बायकांना विचारतात. तुला विचारलंन का?"

ताई पोळी लाटत होती. "विचारलं. मी 'नाही' म्हटलं."

"मग?"

"म्हणाले, चंद्राबाईचं 'नाही' आधीचं आहे."

त्या दिवशी मला भाऊजींचाही वीट आला. खोटं कशाला सांगू? रांगेत आधी कोण उभी होती, यावर संसाराचा निकाल? मी बाहेर येऊन तसं त्यांना तोंडावर सुनावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझं बरोबर आहे," म्हणाले. आणि तरी बदलले नाहीत. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

परशुरामने मग जोर लावला. ओळखी काढल्या, वरपर्यंत गेला आणि लेखी तक्रार दिली, की टिपणिसांनी माझं हत्यार दडपलं, दुकान बंद करा. सुधीर ती बातमी घेऊन धावत घरी आला. भाऊजींनी विचारलं, "लेखी दिलीन? सही करून?"

"हो बाबा!"

"सुमती," भाऊजी आत बघून म्हणाले, "आज शिरा कर."

आम्हाला वाटलं, धक्का बसलाय.

दुकानाला सील लागलं. सगळा माल, सगळ्या बंदुका, तिजोरीतली ती रिव्हॉल्व्हर, सरकारने उचलून नेलं. परशुराम दुसऱ्याच दिवशी हार-बिर घालून आपली पोरगी आणायला गेला. तिथल्या बाबूने त्याला समजावलं, की हे हत्यार आता तुमच्याच तक्रारीतला मुद्देमाल आहे. चौकशी होईपर्यंत हलणार नाही. तक्रार मागे घ्यायची तर तसा अर्ज, त्या अर्जाची वेगळी चौकशी. "किती दिवस?" परशुरामने विचारलं, तर तो बाबू म्हणे हसला. सरकारी कुलपातलं सामान कसं बाहेर येतं, ते बंदूकवाल्याइतकं कोणाला ठाऊक?

पण दुकान गेलं ते गेलंच. चुलतभावांनी ताईकडे गणपतीला येणं सोडलं. शटरवर सिनेमाची पोस्टरं चिकटली, कोपऱ्यात लोक नको ते करायला लागले, आणि भाऊजी रोज पेपर आणायला त्याच्याच समोरून जायचे, रुमाल नाकाला न लावता. सुधीरने फरशांचं दुकान काढलं. बरं चाललं. आरसा तिथे नेऊन लावला, आता त्यात बायका न्हाणीघराच्या फरशा धरून बघतात. भाऊजी वाळत गेले. दिवसभर करायचं काय? माझ्याकडे येऊन माझी शिलाई मशीन उघडायचे, तेल घालायचे, परत बसवायचे. मशीन इतकी हलकी चालायला लागली की शिवण पुढे धावायची. मी ओरडायचे, "भाऊजी, ही दुनळी नाहीये!"

असंच एकदा मी कल्याणला गेलेले. भाऊजी खाटेवर, ताई तांदूळ निवडत बसलेली, तोच चंद्रभागा दारात. धापा टाकत, केस सुटलेले, आणि चेहरा असा, जसा काही पेढे वाटायला आलीय.

"भाऊ! मारामारी झाली! परशा नि नाथा! भर बाजारान!"

"कशाने?" भाऊजी ताडकन उठून बसले.

"हातान! निस्त्या हातान! परशानं त्याला ठोसा मारला, नाथानं त्याला चिखलान लोलवला. परशाचा खांदा निखलला."

"कुठला?"

"उजवा."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले.

ताईने सूप बाजूला ठेवलं. दुकान गेल्यापासून चंद्रभागाशी ती कामापुरतं बोलायची, मासे घ्यायची, पैसे द्यायची, संपलं. आज तिने विचारलं, "दोघं आहेत कुठे आता?"

"घरान. एकाच खाटल्यावर. मालू हळद लावते, आनि ते एकमेकाला शिव्या देतान. बाय, काय शिव्या! मना माहीत नाय अशा." आणि मग तिने कमरेला खोचलेला पदर सोडला, त्याची गाठ सोडली आणि हात पुढे केला. "बग भाऊ. नाथाचं दात. दोनच गेलं."

शी! शी! शी! रक्त लागलेले दोन दात, पदराला मासळीचा वास, आणि मी नुकतीच जेवलेले. मी उठले ती थेट मोरीत गेले. तोंडावर पाणी मारलं, खळखळून चूळ भरली, परत आले, तर तिघं त्या दातांवर डोकी जोडून वाकलेली. भाऊजींनी चष्मा वर केलेला. ताईने तर एक दात चिमटीत धरून उजेडाकडे नेलेला आणि ती म्हणत होती, "दाढ नाही गं चंद्राबाई, पुढचाच आहे. हा बसवता येतो."